शेवटी फक्त वाराच का उरतो? ‘सिन्फोनिया अंतार्तिका’विषयी एक शंका

तिसरी_घंटा

नमस्कार. राल्फ व्हॉन विल्यम्स (नाव राल्फ असे लिहिले जात असले, तरी ते स्वतः ‘रेफ’ असा उच्चार करीत) या इंग्रज संगीतकाराची सातवी सिंफनी, म्हणजे ‘सिन्फोनिया अंतार्तिका’, मी गेल्या महिनाभरात पाच-सहा वेळा लक्षपूर्वक ऐकली आणि दर वेळी तिच्या शेवटाशी येऊन अडखळलो. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेव्हा आमुंडसेन यांची नॉर्वेजियन तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजीच तिथे येऊन गेल्याचे त्यांना कळले आणि परतीच्या वाटेवर पाचही जणांचा अंत झाला, एवढी कथा मला ठाऊक होती. त्यामुळे शेवटच्या भागात एखादी मोठी शोकधून येईल, किंवा निदान वीरांना मानवंदना दिल्यासारखा भरदार समारोप होईल, अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. शेवटचा भाग मार्चच्या चालीने सुरू होतो, ट्रंपेट ललकारतात, सिंफनीच्या अगदी आरंभी ऐकलेली चढती धून परत येते आणि आता सगळे समेवर येणार असे वाटत असतानाच ती धून जणू हातातून निसटते. मग एका स्त्रीचा आवाज, त्यामागे स्त्रियांचा समूहस्वर, दोन्ही शब्दांवाचून निव्वळ ‘आ’कारात, आणि त्यांच्याखाली वाऱ्याचे यंत्र. हे सारे हळूहळू विरत जाते. संगीत संपले आहे की अजून काही येणार आहे, हे कळायलाच मला पहिल्या वेळी चार-पाच सेकंद लागले.

माझा मुख्य प्रश्न असा, की ही रचना नेमकी कोणाविषयी आहे? त्या पाच माणसांविषयी आहे, की बर्फाविषयी? माणसांविषयी असेल, तर शेवट त्यांच्याकडे पाठ का फिरवतो? आणि बर्फाविषयी असेल, तर आरंभीची ती माणसासारखी धापा टाकत चढणारी धून कशासाठी? हिचा उगम एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात आहे असेही वाचले आहे; त्याचा या शेवटाशी काही संबंध आहे का, तेही जाणकारांनी सांगावे.

दक्षिणायन

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर, निदान माझ्या मते, रचनेच्या जन्मकथेतच दडलेले आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ईलिंग स्टुडिओने स्कॉट यांच्या अखेरच्या मोहिमेवर चित्रपट काढायचे ठरवले. चार्ल्स फ्रेंड यांचे दिग्दर्शन होते, जॉन मिल्स यांनी स्कॉट यांची भूमिका केली आणि १९४८ साली तो प्रदर्शित झाला. स्टुडिओचे संगीतप्रमुख अर्नेस्ट आयर्विंग यांनी संगीताचे काम व्हॉन विल्यम्स यांच्याकडे सोपवले. त्या वेळी ते पंचाहत्तरीच्या आसपास होते आणि चित्रपटासाठी लिहिणे त्यांना नवे नव्हते. विषयाने मात्र त्यांना असे काही पछाडले, की चित्रपट पुरता तयार होण्याआधीच त्यांनी बरेचसे संगीत लिहून टाकले होते. त्यातले पुष्कळ पडद्यावर वापरलेही गेले नाही. पुढे १९४९ ते १९५२ या काळात याच सामग्रीतून त्यांनी पाच भागांची सिंफनी उभी केली आणि ती आयर्विंग यांनाच अर्पण केली. पहिला प्रयोग १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला. हॅले वाद्यवृंदाचे संचालन सर जॉन बार्बिरोली यांनी केले होते आणि सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) होत्या मार्गारेट रिची, ज्यांचा आवाज चित्रपटातही आहे. संगीतकाराने तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. व्हॉन विल्यम्स यांचा स्कॉट यांच्याविषयीचा भाव निव्वळ भक्तीचा नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांच्या पत्नी उर्सुला यांनी लिहिलेल्या चरित्रात असे नमूद आहे, की मोहिमेची हकिगत वाचता वाचता तिच्या आखणीतील ढिसाळपणाने ते संतापले होते आणि चार माणसांच्या शिध्यावर पाच माणसे नेण्याच्या निर्णयाचा तर त्यांना विशेष राग आला होता. या रागाला आधार आहे. मोहिमेतील तंबू, शिधा, स्वयंपाकाची शेगडी हे सारे चौघांच्या हिशेबाने बांधलेले होते. जानेवारी १९१२च्या पहिल्या आठवड्यात, अखेरच्या टप्प्यासाठी शेवटची मदततुकडी मागे वळवताना, स्कॉट यांनी हेन्री बॉवर्स यांना पाचवा माणूस म्हणून सोबत घेतले आणि बॉवर्स यांच्यापाशी तर त्या वेळी स्कीसुद्धा नव्हत्या.

म्हणजे संगीतकारापुढे दुहेरी पेच होता. त्या माणसांच्या सहनशक्तीपुढे मान झुकवावीशी वाटते, पण जीव फुकट घालवण्याचा गौरव करणे मनाला पटत नाही. माझा समज असा आहे, की तुम्ही म्हणता तो शेवट या पेचातूनच आलेला आहे. आरंभीची धून पुन्हा ऐकून पाहा: ती पायरीपायरीने वर चढते, किंचित मागे घसरते, पुन्हा चढते, आणि माथा गाठला असे एकदाही म्हणत नाही. स्लेजचा पट्टा छातीला बांधून चढण चढणाऱ्या माणसाच्या पावलांची ती चाल आहे. शेवटच्या भागात हीच धून सगळ्या वैभवानिशी परत येते, म्हणजे माणसांना त्यांचा मान मिळतो. पण निकाल त्यांच्या बाजूने लागत नाही, कारण तो लागलाच नव्हता. त्यांचा तंबू ‘वन टन’ या अन्नसाठ्यापासून ११ मैलांवर होता. २९ मार्च १९१२ ही स्कॉट यांच्या रोजनिशीतील शेवटची तारीख, आणि शोधपथक तिथे पोहोचले १२ नोव्हेंबरला. मधले साडेसात महिने त्या तंबूपाशी वाऱ्याखेरीज कोणीही नव्हते. सिंफनीचा शेवट मला त्या साडेसात महिन्यांसारखा वाटतो.

पडद्यामागे

दक्षिणायन यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातला शेवटचा परिच्छेद संगीतापेक्षा कथेवर अधिक टेकलेला आहे, असे नम्रपणे नोंदवतो. आपल्याला हकिगत ठाऊक असते म्हणून आपण सुरांत साडेसात महिने ऐकतो. हीच रचना निनावी करून, मोहिमेविषयी काहीही न सांगता एखाद्या श्रोत्याला ऐकवली, तर त्याला काय ऐकू येईल?

माझे मत असे, की त्याला सुंदर तुकड्यांची माळ ऐकू येईल. सिंफनी या प्रकाराकडून आपण मागतो ते हे, की धुनींनी एकमेकींशी झुंजावे, बदलावे, आणि शेवटी आपण जिथे पोहोचतो तिथे पोहोचणे अटळ होते असे वाटावे. इथे दुसऱ्या भागात मंद्रातील पितळी वाद्ये देवमासे दाखवतात, मग ट्रंपेट एक गमतीदार चाल वाजवून पेंग्विन दाखवतो, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध येत नाही. पडद्यावर जसे एका दृश्यामागून दुसरे येते तसे ते येतात आणि जातात. चौथ्या भागातील ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची हळवी धून चित्रपटातल्या घरगुती प्रसंगांच्या संगीतातून आलेली आहे, आणि चित्रपट ठाऊक नसेल तर ती इथे एकाएकी का उगवली हे कळत नाही. याच संगीतकाराची १९४८ची सहावी सिंफनी यापुढे ठेवून पाहावी. तिचाही शेवटचा भाग आरंभापासून अखेरपर्यंत अतिशय हळू आवाजात वाजतो आणि विरून जातो, पण तिथे तो विरणे हा आधीच्या तीन भागांतील धुमश्चक्रीचा परिणाम असतो. सातवीत शेवट विरतो, कारण चित्रपटातल्या हिमवादळाचे संगीत विरत होते.

मी ही रचना आवडीने ऐकतो, हे स्पष्ट करतो. तिला ‘सिंफनी’ ऐवजी ‘चित्रमालिका’ म्हटले असते, तर माझी काहीच तक्रार नसती.

हातवारा

या चर्चेत ज्या वाऱ्याविषयी सगळे बोलत आहेत, तो मी एकदा स्वतः फिरवला आहे, त्यामुळे थोडे लिहितो.

विद्यार्थीदशेत मी एका हौशी वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवत असे आणि तिथे या सिंफनीचा प्रयोग ठरला. तालवाद्यांची यादी पाहूनच आम्ही हबकलो होतो: टिंपनी, मोठा ढोल, झांजा, गाँग, झायलोफोन, ग्लोकेनस्पील, व्हायब्राफोन, घंटा, आणि त्यांच्या शेजारी सेलेस्टा, पियानो, हार्प आणि नळ्यांचा मोठा ऑर्गन. वाऱ्याचे यंत्र माझ्या वाट्याला आले, कारण मी सर्वांत नवखा होतो आणि ‘त्यात काय, फिरवायचे तर आहे’ असा सर्वांचा समज होता.

यंत्र दिसायला अगदी साधे असते. लाकडी पट्ट्यांचे एक आडवे पिंप, त्यावरून ताणून टाकलेले जाड कापड, आणि बाजूला फिरवायचा दांडा. पिंप फिरले की पट्ट्या कापडाला घासतात आणि वाऱ्याचा आवाज निघतो. अडचण अशी, की या यंत्रात आवाजाची पट्टी आणि आवाजाची तीव्रता एकाच दांड्याला बांधलेल्या असतात. जोरात फिरवले की स्वर चढतो आणि आवाजही मोठा होतो. हळू फिरवले की दोन्ही उतरतात. बारीक पण उंच स्वराचा वारा त्यातून काढताच येत नाही. शेवटच्या पानावर आवाज शून्यापर्यंत न्यायचा असतो, म्हणजे दांडा इतका सावकाश फिरवायचा असतो, की एका विशिष्ट गतीखाली सलग वारा ऐकू येण्याऐवजी एकेक पट्टी कापडाला लागल्याची खरखर वेगळी ऐकू येऊ लागते. तालमीत माझ्याकडून नेमके हेच झाले. स्त्रियांचा आवाज विरत होता आणि माझे यंत्र जुन्या बैलगाडीसारखे कुरकुरत होते. संचालकांनी काठी खाली ठेवली आणि मला फक्त एवढेच म्हणाले, की वारा थांबत नसतो, तो लांब जातो.

त्या वाक्यानंतर मी उपाय शोधला. कापडाचा ताण दुसऱ्या हाताने किंचित सैल करत गेले, की घर्षण कमी होते आणि फिरण्याची गती तशीच ठेवूनही आवाज दूर गेल्यासारखा भासतो. प्रयोगाच्या दिवशी यंत्र आणि गायिका दोन्ही पडद्याआड होत्या. बरेच वाद्यवृंद त्यांना श्रोत्यांच्या नजरेआडच ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण दांडा फिरवणारा घामाघूम माणूस दिसला तर अंटार्क्टिका तिथेच संपते.

पडद्यामागे यांच्या आक्षेपाला माझ्याकडे सैद्धांतिक उत्तर नाही. एवढेच सांगतो, की रिचर्ड श्ट्राउस यांनी ‘डॉन किहोटे’त आणि ‘आल्प्स सिंफनी’त हेच यंत्र वापरले आहे, आणि तिथे वारा हा एका प्रसंगापुरता येऊन जातो. इथे तो पहिल्या भागात स्त्रीस्वराबरोबर येतो आणि शेवटी पुन्हा त्याच स्त्रीस्वराबरोबर येतो. वाजवणाऱ्याच्या जागेवरून तरी तो मला नेपथ्य वाटला नाही, पात्र वाटला.

तिसरी_घंटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हातवारा यांचा प्रतिसाद वाचून मी शेवटची तीन मिनिटे पुन्हा ऐकली, आणि आता तिथे मला वाऱ्याऐवजी कोणाचा तरी दांड्यावरचा हात ऐकू येतो आहे. हा उपकार म्हणावा की अपकार, ते ठरवायचे आहे.

एक उपप्रश्न विचारतो. माझ्याकडे असलेल्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक भागाआधी एक धीरगंभीर आवाज काही ओळी वाचून दाखवतो, आणि दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणात असे काहीच नाही. या ओळी रचनेचा भाग आहेत का? शिवाय तिसऱ्या भागाविषयी कोणीच काही लिहिलेले नाही. तो मला सर्वांत कठीण गेला. त्यात बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही, आणि मग ऑर्गन असा अंगावर येतो की मी खुर्चीत दचकलो.

पाचवी_पायपट्टी

तिसऱ्या भागासाठीच मी ही चर्चा वाचत होते, त्यामुळे आता लिहिणे भाग आहे. मी ऑर्गन शिकते.

आधी त्या ओळींविषयी. स्वरलिपीत प्रत्येक भागाच्या माथ्यावर एक उतारा छापलेला आहे. पहिल्यावर इंग्रज कवी शेली, दुसऱ्यावर बायबलमधील १०४वे स्तोत्र, तिसऱ्यावर कोलरिज, चौथ्यावर जॉन डन, आणि पाचव्यावर स्वतः स्कॉट, ज्यात या प्रवासाचा आपल्याला पश्चात्ताप नाही, आपण धोके पत्करले ते जाणूनबुजून, आणि गोष्टी आपल्याविरुद्ध गेल्या म्हणून तक्रारीला जागा नाही, असा आशय आहे. सर एड्रियन बोल्ट यांच्या १९५३च्या ध्वनिमुद्रणात हे उतारे जॉन गिलगुड यांनी वाचले आहेत, आणि पुढे आंद्रे प्रेव्हिन यांच्या ध्वनिमुद्रणात राल्फ रिचर्डसन यांनी. दोघेही रंगभूमीवरचे थोर नट, आणि वाचनात उणे काढण्याजोगे काहीही नाही. तरीही ते वाचू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. याचे कारण साधे आहे: तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. तिथे कोणी बोलायला उभे राहिले, तर तो सांधा उखडतो, किंवा मग आवाज सुरांवर चढवावा लागतो. हे उतारे डोळ्यांनी वाचण्यासाठी आहेत.

आता तिसरा भाग, ज्याचे नाव आहे ‘निसर्गदृश्य’. नावाला फसू नये. यात पाहण्यासारखे देखावे नाहीत. आरंभी हॉर्न दबक्या आवाजात एक-दोन स्वर टाकतात, बासऱ्या त्यांना अर्धवट उत्तर देतात, झांजेला जेमतेम स्पर्श होतो. धून अशी उभीच राहत नाही. एक वाद्य सांगते तेच दुसरे थोड्या अंतराने सांगते, जणू दूरच्या कड्यावरून आवाज परतून येत आहे, आणि लय इतकी संथ आहे की पुढची मात्रा येणार की नाही अशी शंका येते. तुम्ही म्हणता की बराच वेळ काहीच घडत नाही. ते बरोबर आहे, आणि तेच इथले काम आहे. ज्या बिअर्डमोर हिमनदीवरून ती माणसे पठारावर चढली, तिची लांबी दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. स्लेज ओढत दिवसभर चालूनही समोरचा डोंगर तेवढाच दूर दिसत असणार.

मग पितळी वाद्ये एका अवजड धुनीने चढू लागतात, एकामागून एक थर येत जातात, आणि सगळ्यांच्या वर पोहोचल्यावर ऑर्गन पूर्ण ताकदीने येतो. कल्पना करा, की वाद्यवृंदात साठ-सत्तर माणसे फुंकत आणि गज ओढत आहेत. प्रत्येक आवाजामागे एक श्वास किंवा एक दंड आहे, आणि म्हणून प्रत्येक आवाज कुठेतरी थकतो. ऑर्गन थकत नाही. पट्टी दाबून ठेवली की भाता चालू असेतोवर स्वर तसाच राहतो, त्यात ना चढ ना उतार. मी एकदा सरावाच्या ऑर्गनवर हा उतारा सगळे खटके ओढून वाजवला. स्वरसमूह सोडल्यानंतर त्या रिकाम्या दालनात आवाज दोन-तीन सेकंद फिरत राहिला, आणि मला आपण वाजवले असे वाटलेच नाही. आधीपासून तिथे असलेल्या कशावरून तरी मी झाकण काढले, असे वाटले. माणसांच्या श्वासांवर चाललेल्या संगीतात अचानक श्वास नसलेले काहीतरी उभे राहते. स्कॉट यांनी ध्रुवावर पोहोचल्याच्या दिवशी रोजनिशीत ही जागा भयानक आहे असे देवाचे नाव घेऊन लिहिले होते. तो उद्गार मला या ऑर्गनमध्ये ऐकू येतो, शेवटच्या भागात नाही.

माथ्यावरच्या कोलरिजच्या ओळीही नेमक्या या जागेसाठी आहेत. धावत्या धबधब्यांनी एक प्रचंड आवाज ऐकला आणि ते कोसळता कोसळता जागच्या जागी थांबले, अशी ती कल्पना आहे. गंमत अशी, की ती कविता आल्प्समधील शामोनीच्या खोऱ्यावर आहे आणि कोलरिज तिथे कधी गेलेच नव्हते. आणि अंटार्क्टिकाला आवाज देणारे व्हॉन विल्यम्सही तिथे कधी गेले नाहीत.

तिथे प्रत्यक्ष जाऊन लिहिणारे पुढे झाले. पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांना ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंद यांनी मिळून सिंफनी लिहायला सांगितली, ते १९९७च्या अखेरीस अंटार्क्टिकाला गेले, आणि २००१ साली त्यांची ‘अंटार्क्टिक सिंफनी’ सादर झाली. तिच्या आरंभी जहाजाच्या नाळेखाली बर्फ फुटण्याचा अनुभव आहे. फिलहार्मोनियाची निवडही अर्थपूर्ण म्हणायची, कारण १९४८च्या चित्रपटाचे संगीत याच वाद्यवृंदाने वाजवले होते. डेव्हिस यांची रचना मी अजून दोनदाच ऐकली आहे. तिच्यात माणूस जवळजवळ नाहीच, आणि त्यामुळे ती मला अधिक खरी पण कमी भीतीदायक वाटली.

पडद्यामागे

पाचवी_पायपट्टी यांनी तिसऱ्या भागाविषयी जे लिहिले आहे, त्यानंतर माझ्या आधीच्या प्रतिसादातील एक विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. तिसऱ्या भागाला ‘चित्रपटाचा तुकडा’ म्हणता येणार नाही. दहा मिनिटांच्या आसपासचा इतका संथ विस्तार कोणत्याही संकलकाने पडद्यावर चालू दिला नसता. व्हॉन विल्यम्स यांनी चित्रपटसंगीतावरील आपल्या लेखात दोन पद्धती सांगितल्या आहेत: एकीत पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीला सुरांनी टेका द्यायचा, आणि दुसरीत तपशिलाकडे दुर्लक्ष करून सलग संगीताने संपूर्ण प्रसंगाचा भाव पकडायचा. त्यांचा कल दुसरीकडे होता, आणि हिमनदीच्या संगीताला सिंफनीत जागा मिळू शकली ती बहुधा म्हणूनच. हेच पेंग्विनांविषयी मात्र म्हणता येणार नाही. तिथे पहिली पद्धत उघड दिसते, आणि माझा दुसऱ्या भागावरील आक्षेप कायम आहे.

चौथ्या भागाविषयीही थोडे. ती ओबोची धून एकाएकी उगवते असे मी म्हटले होते, पण ऑर्गननंतर मध्ये जराही न थांबता ती येते, हे मी विचारात घेतले नव्हते. त्या श्वास नसलेल्या आवाजाला लागूनच एकट्या श्वासाचे वाद्य ठेवलेले आहे. आणि त्याच भागात पुढे, जिथे मंद्रात घंटा वाजते, तिथले संगीत चित्रपटात स्कॉट यांच्या चार सोबत्यांपैकी लॉरेन्स ओट्स मरण पत्करून तंबूबाहेर निघून जातात त्या प्रसंगाचे आहे. घर आणि तंबूचे दार एकाच भागात आले आहेत. हे चित्रपटाच्या क्रमाने झालेले नाही. ते सिंफनी रचताना केलेले आहे.

दक्षिणायन

दुरुस्तीबद्दल आदर वाटला. माझ्याही विधानात एक भर घालतो. शोधपथकातील लोकांनी जानेवारी १९१३मध्ये ऑब्झर्व्हेशन हिल या टेकडीवर लाकडी क्रूस उभारला आणि त्यावर टेनिसन यांच्या ‘युलिसिस’ कवितेतील झुंजत राहावे, हार मानू नये अशा अर्थाची शेवटची ओळ कोरली. शेवटच्या भागाच्या माथ्यावर ही ओळ घालणे व्हॉन विल्यम्स यांना सहज शक्य होते, आणि तिच्यावर खणखणीत समारोप बेतणेही. त्यांनी स्कॉट यांचे तक्रार न करणारे शब्द निवडले आणि त्यांच्याखाली विरत जाणारे संगीत लिहिले. ही निवड चित्रपटाने त्यांच्यावर लादलेली नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे.

तिसरी_घंटा

काल रात्री स्वरलिपी समोर ठेवून, मधले वाचन नसलेल्या ध्वनिमुद्रणावर, पाचही भाग सलग ऐकले. एकूण त्रेचाळीस मिनिटे लागली.

माझ्या मूळ प्रश्नात मी ‘शेवट माणसांकडे पाठ फिरवतो’ असे लिहिले होते. ते चुकले, असे आता वाटते. स्त्रीस्वर आणि वारा पहिल्या भागातच, आरंभीची धून पुरती उभी राहते न राहते तोच, येऊन गेलेले आहेत. पहिल्या काही वेळा मला तो केवळ वातावरणनिर्मितीचा भाग वाटला होता आणि मी पुढच्या ट्रंपेटची वाट पाहत होतो. म्हणजे जे शेवटी उरते, ते त्या माणसांच्या आधीपासून तिथे होते. चढण्याची धून त्याच्या मधून जाते.

आणखी एक बारीक गोष्ट हातवारा यांच्यासाठी. माझ्या ध्वनिमुद्रणात अगदी शेवटी आधी वारा नाहीसा होतो की आधी स्त्रीचा आवाज, हे मी हेडफोन लावून, डोळे मिटून, चार वेळा तपासले. दोनदा वाटले की आवाज आधी जातो, दोनदा वाटले की वारा. आपण फिरवत होता त्या दिवशी आधी कोण थांबले होते?

हातवारा

मी. पण त्या दिवशी संचालकांच्या ते लक्षात आले नाही.